पोथीनिष्ठ कोण?

आमच्या निवृत्त मास्तरांच्या कट्ट्यावर गेल्या महिन्यात एक कागद फिरला. वसईकडचे आमचे एक जुने सहकारी आहेत, घरात कादोडी बोलणारे आणि वर्गात तीस वर्षं मराठी शिकवलेले. त्यांची नात कॅलिफोर्नियात वाढली. तिला तिथल्या थॉमस अक्वायनस कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आजोबा तिचा चार वर्षांचा अभ्यासक्रम छापून घेऊन आले. सोबत पेढेही होते. पेढे आम्ही खाल्ले आणि अभ्यासक्रमाला हसलो.

हसू येण्यासारखं होतंच. विषय निवडायची सोय नाही, सगळ्यांना सगळं तेच. पाठ्यपुस्तक नाही. शिकवणाऱ्याला ‘ट्यूटर’ म्हणतात आणि तो वर्गात व्याख्यान देत नाही. पहिल्या वर्षी युक्लिड, होमर, प्लेटो, बायबल, लॅटिन. दुसऱ्या वर्षी टॉलेमी, म्हणजे पृथ्वी मधोमध ठेवून सूर्य फिरवणारा तोच टॉलेमी. चौथ्या वर्षाअखेर एकच पदवी, सगळ्यांना सारखी. आमचे भौतिकशास्त्राचे माजी विभागप्रमुख, ज्यांना आम्ही अजूनही नुसतं ‘सर’ म्हणतो, म्हणाले, “ही पाठशाळा झाली. शेंडी तेवढी राहिली.” मग घरी जाऊन त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं आणि झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटलं. मासिकाकडेही धाडलं, म्हणून उत्तर इथेच देतोय. आजोबांनी आपली प्रत घडी घालून खिशात ठेवली. ते काही बोलले नाहीत. मी त्यांचा वकील म्हणून लिहीत नाही. मला पत्र झोंबलं ते माझ्या स्वतःच्या कारणानं.

सरांचा पक्ष आधी नीट मांडतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला चुकीचं ठरलेलं खगोलशास्त्र शिकवणं म्हणजे त्याचं वर्ष फुकट घालवणं. धर्माच्या छायेतलं कॉलेज मुलांच्या डोक्यावर झाकण ठेवणारच. चारशेच्या आसपास विद्यार्थ्यांची संस्था ही कसली संस्था? आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर उच्च शिक्षणाच्या संस्थांनी ३,००० किंवा त्याहून जास्त विद्यार्थ्यांचं लक्ष्य ठेवावं असं म्हटलं आहे. वसतिगृहाचे नियम तुरुंगाचे. डोंगराच्या कुशीत जगापासून लपून बसायचं आणि बाहेर पडल्यावर खायचं काय? शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलंय: ‘हे पोथीनिष्ठ शिक्षण आहे.’

तर पोथीपासूनच सुरुवात करू.

कॉलेजात येण्याआधी मी नऊ वर्षं शाळेत दहावीला भूमिती शिकवली. पक्ष, साध्य, सिद्धता. पायथागोरसचं प्रमेय मी किती वेळा फळ्यावर मांडलं असेल त्याची गणती नाही. काटकोनातून कर्णावर लंब टाकायचा, त्रिकोण समरूप दाखवायचे, गुणोत्तरं लिहायची, बेरीज करायची, चौकट. पायरीला गुण असतात, म्हणून मुलं पायऱ्या पाठ करत. एकदा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, कर्णाचा वर्ग म्हणजे कर्णावरचा चौरसच ना? मग आकृतीत चौरस का नाही?” मी म्हणालो, “तो परीक्षेत विचारत नाहीत.” ती खाली बसली. पुन्हा तिनं कधीच काही विचारलं नाही, आणि बोर्डात तिला भूमितीत चांगले गुण मिळाले.

तिचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७वं प्रमेय खऱ्याखुऱ्या चौरसांबद्दल आहे. तीन बाजूंवर तीन चौरस उभे करायचे, काटकोनातून एक रेघ खाली सोडून मोठ्या चौरसाचे दोन आयत करायचे आणि एकेक आयत एकेका लहान चौरसाएवढा आहे हे दाखवायचं. त्यात बीजगणित नाही की गुणोत्तर नाही. ही सिद्धता मी स्वतः पहिल्यांदा वाचली ती निवृत्तीनंतर. गणिताच्या पदव्युत्तर पदवीनंतर चाळीस वर्षांनी!

त्या ‘पाठशाळेत’ काय चालतं? युक्लिडच्या तासाला विद्यार्थी पाळीपाळीनं फळ्यापाशी जातात. हातात पुस्तक न घेता प्रमेय उभं करायचं. टेबलाभोवतीचे बाकीचे कुठल्याही ओळीला थांबवून ‘हे कशावरून?’ विचारू शकतात. त्यावर ‘पुस्तकात आहे’ हे उत्तर चालत नाही, आणि ‘ट्यूटर म्हणाले’ हेही चालत नाही, कारण ट्यूटर काही म्हणालेलाच नसतो. आता माझा वर्ग आठवा. गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, मॉडेल आन्सर. यातली एक ओळ बदलली तर तपासनीस गुण कापेल ही भीती. सर, पोथी आपण शिकवली. ती पोथी दरवर्षी जूनमध्ये नवीन मुखपृष्ठ घेऊन यायची, एवढाच फरक.

टॉलेमीकडे वळू, कारण सरांचा खरा राग त्याच्यावर आहे. माझा त्यांना साधा प्रश्न: पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे तुम्हाला कशावरून माहीत? उपग्रह वगैरे बाजूला ठेवा. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या बुद्धिमान माणसाला ते कसं पटवाल? टॉलेमी मूर्ख नव्हता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मानलं तर आकाशाचं गणित सोपं होईल हे त्यानं ‘अल्माजेस्ट’मध्ये स्वतःच मान्य केलंय, आणि मग ढग, पक्षी आणि वर फेकलेल्या वस्तू मागे का पडत नाहीत, असं विचारून ती कल्पना सोडून दिली. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ साली आलं तेव्हा त्यात सूर्य मध्याजवळ आला खरा, पण वर्तुळांवर वर्तुळं, अधिचक्रं, ती होतीच. पृथ्वी फिरत असेल तर वर्षभरात तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत, ते दिसत नव्हते. ते सरकणं मोजता आलं १८३८ साली, बेसेलला. म्हणजे २९५ वर्षं कोपर्निकसच्या विरोधकांच्या हातात एक सणसणीत मुद्दा होता. मधल्या काळात केप्लरनं मंगळाच्या स्थानातला फक्त आठ कलांचा फरक दुर्लक्षित करायचं नाकारलं आणि त्या आठ कलांपायी दोन हजार वर्षांचं वर्तुळ मोडून लंबवर्तुळ काढलं.

हे सगळं ज्यानं पायरीपायरीनं चालून पाहिलं त्याला आणि ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे एका गुणाचं वाक्य ज्यानं लिहिलं त्याला आपण एकाच मापानं ‘माहीत आहे’ म्हणतो. माझ्या मते दुसऱ्याला काहीच माहीत नाही. त्यानं ऐकलंय. टॉलेमीच्या काळी तो जन्मला असता तर तितक्याच खात्रीनं उलटं वाक्य लिहून तोच एक गुण मिळवला असता.

इथे कळतं की त्या कागदावरचा क्रम वेडगळ नाही. युक्लिड झाल्यावर टॉलेमी, कोपर्निकस, केप्लर, आणि शंकुच्छेदांसाठी अपोलोनियस. त्यानंतर तिसऱ्या वर्षी न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’, १६८७ सालचं. सर, तुम्ही बत्तीस वर्षं न्यूटन शिकवलात. ‘प्रिन्सिपिया’ उघडलंत का कधी? मी परवा उघडलं आणि थक्क झालो. त्यात आपण शिकवतो तसली समीकरणं नाहीत, सगळी भूमिती आहे. पहिलंच प्रमेय घ्या: केंद्राकडे ओढली जाणारी वस्तू समान वेळात समान क्षेत्रफळ झाडून काढते. न्यूटन वेळेचे सारखे तुकडे पाडतो. वस्तू सरळ गेली असती तर कुठे पोहोचली असती ते दाखवतो, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तिला केंद्राकडे एक टोला देतो आणि मग ते त्रिकोण सारखे आहेत हे सिद्ध करतो. कशाच्या जोरावर? समान पाया आणि त्याच समांतर रेषांमधल्या त्रिकोणांची क्षेत्रफळं समान असतात, एवढ्याच जोरावर. आपल्या नववीच्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट! तिच्यावर ग्रहांची गती उभी आहे, हे मी कुठल्याच वर्गात सांगितलं नाही, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. भूमितीचा पेपर वेगळा आणि विज्ञानाचा वेगळा.

चौथ्या वर्षी आइन्स्टाइन येतो. म्हणजे टॉलेमीपाशी कुणी मुक्काम ठोकलेला नाही. तो वाटेवरचं गाव आहे, आणि त्या गावातून गेल्याशिवाय पुढचा घाट का चढायचा ते कळत नाही.

आता धर्माचं बघू. इथे सरांची गोची मला समजते, कारण आपल्याकडे ‘कॅथलिक कॉलेज’ म्हटलं की डोळ्यांसमोर बिशप, पाद्री आणि संस्थेची मालमत्ता येते. हे कॉलेज बिशपच्या ताब्यात नाही, कुठल्या धर्मसंघाचं नाही, चर्चकडून अनुदान घेत नाही. ते काढलं संसारी प्राध्यापकांनी, आणि काढलं ते एका भांडणातून. १९६७ साली विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ’लेक्स इथे अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांचे धुरीण जमले, नोत्र दामचे फादर हेसबर्ग त्यात पुढे. विद्यापीठाला विद्याक्षेत्राबाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून, मग ती चर्चची का असेना, खरी स्वायत्तता हवी असं त्यांनी जाहीर केलं. १९६९ साली रोनाल्ड मॅकआर्थर, मार्कस बर्क्विस्ट वगैरे मंडळींनी त्याला उलट उत्तर देणारी पुस्तिका काढली. श्रद्धा ही विचाराची बेडी नसून विचाराला दिशा देणारी गोष्ट आहे, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांनी ३३ विद्यार्थी घेऊन भाड्याच्या जागेत कॉलेज सुरू झालं आणि १९७८ साली सांता पॉलाजवळच्या डोंगरपायथ्याला आलं.

त्यांचं ते म्हणणं मला पूर्ण पटतं का? नाही. मी देव न मानणारा माणूस आहे आणि कट्ट्यावर हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या थॉमसचं नाव या कॉलेजला आहे त्याची लिहिण्याची रीत बघा. त्याच्या ‘सुम्मा’मधला प्रत्येक परिच्छेद विरोधकाच्या मुद्द्यांनी सुरू होतो. ‘देव आहे का?’ या प्रश्नाखाली पहिल्या ओळी देव नाही असं सांगतात. एक मुद्दा असा, की देव अनंत चांगुलपणा असेल तर जगात वाईट उरायलाच नको होतं. दुसरा असा, की जगातल्या सगळ्या घडामोडी निसर्ग आणि माणसाची इच्छा यांनी समजतात, मग देवाची गरजच काय? तेराव्या शतकातल्या संन्याशानं नास्तिकाचे दोन सर्वांत तगडे मुद्दे आधी मांडले, मग आपलं म्हणणं, आणि शेवटी एकेका मुद्द्याला उत्तर. आपल्या शास्त्रीबुवांना हे नवं वाटणार नाही. हा सरळ पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष आहे. सरांच्या तीन पानांत मात्र पूर्वपक्ष एका ओळीचाही नाही, आणि सर स्वतःला विवेकवादी म्हणवतात.

त्या मुलांच्या वाचनात पुढे मार्क्स येतो, नीत्शे येतो, फ्रॉइड येतो, डार्विन येतो. त्यांच्यावर टीका करणारं पुस्तक नव्हे, त्यांचं स्वतःचं लेखन. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात बी.ए. झालेल्या कितीजणांनी मार्क्सची वीस पानं त्याच्या स्वतःच्या शब्दांत वाचलीत? ‘मार्क्सचे विचार : टिपा लिहा’ यापुढे आपली गाडी गेली का? आणि हे कॉलेज आपण कोण आहोत ते दारावरच सांगतं. कॅथलिक ट्यूटर उघडपणे श्रद्धेची शपथ घेतात. कॅथलिक नसलेल्या मुलांनाही प्रवेश आहे, पण आत आल्यावर हवा कुठली वाहते याबद्दल लपवाछपवी नाही. आमच्या संस्थेत शपथ नव्हती. संस्थाचालकांची जात, त्यांचा पक्ष, प्राचार्यांच्या खोलीत कुणाचा फोटो लागला आणि कुणाचा उतरला, हे मात्र पहिल्या आठवड्यात शिपायालाही कळायचं.

एक मुद्दा मी सरांना देऊन टाकतो, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिसऱ्या वर्षी एखाद्या मुलाची श्रद्धा खरोखरच गळून पडली तर? नियम त्याला बाहेर काढणार नाही, पण जेवणाच्या टेबलावर, रविवारी सकाळी, तो एकटा पडेल. चारशे माणसांच्या गावात एकटं पडणं हे चार हजारांतल्या एकटेपणाहून वेगळं असतं. ही किंमत खरी आहे.

त्यावरून आकाराकडे येतो. धोरणातल्या त्या ३,००० आकड्यामागे इमारत, प्रयोगशाळा, खर्च असा हिशेब असेल, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण सरांनी तो आकडा गुणवत्तेचा दाखला म्हणून वापरलाय. माझ्या शेवटच्या वर्षी एका तुकडीत १२० नावं होती. वर्गात चाळीस. त्यातली शेवटच्या तीन बाकांवरची पंधरा कोण आहेत हे मला वर्ष संपेपर्यंत कळलं नाही, आणि तेच त्यांना हवं होतं. विभागात कायम माणसं दोन, बाकी सगळे तासिका तत्त्वावर, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलवर पळणारे. आपलं कॉलेज ३,००० पार होतं, सर. ते मोठं होतं, एवढंच.

तिकडे पंधरा-वीस जण एका टेबलाभोवती बसतात. वर्गात एकमेकांना मिस्टर अमुक, मिस तमुक म्हणतात. अठरा वर्षांच्या पोरांनी परस्परांना अहो-जाहो करावं तसंच ते. मला आधी ते नाटकी वाटलं. नंतर लक्षात आलं की ‘ए, तुला काही कळत नाही’ असं म्हणता येत नसेल तर ‘तुमची दुसरी पायरी मला पटली नाही’ एवढंच म्हणायचं उरतं. वाचून न आलेला मुलगा दहा मिनिटांत उघडा पडतो. आणि एक विलक्षण प्रकार आहे, ‘डॉन रॅग’ नावाचा. विद्यार्थ्याला सगळ्या ट्यूटरांसमोर बसवतात आणि ते त्याच्यादेखत, जणू तो तिथे नाहीच अशा थाटात, त्याच्याबद्दल आपसात बोलतात. हा ऐकतो का, हा बोलतो पण वाचत नाही, हिची सिद्धता चोख आहे पण कुणी अडवलं की कोलमडते. मग त्याला बोलू देतात. हा प्रकार १२० जणांच्या तुकडीत करून दाखवा. मला माझ्या मुलांबद्दल असं एक वाक्य बोलता आलं नसतं. मला त्यांचे रोल नंबर माहीत होते.

मागणी वाढली तेव्हा त्यांनी कॅलिफोर्नियातलं आवार फुगवलं नाही. २०१९ साली देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थफील्डमध्ये, तोच अभ्यासक्रम घेऊन दुसरं लहान आवार उघडलं. (गंमत म्हणजे ती जागा मुळात मूडी या कट्टर प्रॉटेस्टंट प्रचारकानं मुलींच्या शाळेसाठी उभी केली होती. आता तिथे कॅथलिक मिस्सा होते.)

नियमांबद्दल फार लिहीत नाही. मुलामुलींची वसतिगृहं वेगळी, एकमेकांच्या वसतिगृहात जायचं नाही, रात्री ठरल्या वेळेला परत, वर्गात नीटनेटका वेश, मुलींना स्कर्ट. स्कर्टचा नियम मला मूर्खपणाचा वाटतो आणि त्या नातीलाही वाटतो, असं आजोबांनी हळूच सांगितलं. पण ‘तुरुंग’ हा शब्द सरांच्या तोंडी शोभत नाही. सर स्वतः साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या कमवा आणि शिका योजनेत शिकलेले. पहाटेची घंटा, शेतातलं काम, स्वयंपाकघराची पाळी या गोष्टी ते आजही डोळे भरून सांगतात. या कॉलेजात पैशांअभावी कुणाला परत पाठवत नाहीत, आणि मदत घेणारी मुलं आठवड्याला तेरा तास स्वयंपाकघरात, बागेत, ग्रंथालयात काम करतात. साताऱ्यात तो स्वाभिमान आणि सांता पॉलात शोषण, असं का?

‘जगापासून लपून’ या शब्दांवर एकच सांगतो. ४ डिसेंबर २०१७च्या संध्याकाळी त्याच कॉलेजाच्या जवळ एक वणवा पेटला. जागेवरून त्याला नाव मिळालं ‘थॉमस फायर’. कॅलिफोर्नियात तोवर नोंदल्या गेलेल्या वणव्यांत तो सर्वांत मोठा ठरला, २,८१,००० एकरांहून जास्त जळलं. त्या रात्री सगळी मुलं बाहेर काढली. आवार वाचलं. जग शोधत यायचं तेव्हा डोंगरातही येतं.

आणि नोकरी? अभियांत्रिकीची चार वर्षं घालवून बँकेच्या आणि तलाठ्याच्या परीक्षांचे क्लास लावणारी मुलं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, सर. तुमच्याही. हा प्रश्न आधी आपल्याला विचारू.

पाठशाळा या शिवीचंही बघायला हवं. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यासक्रम चार वर्षांचा, ग्रंथ मोजके: ज्ञानेश्वरी, गीता, तुकोबांची गाथा. तिथे मार्क्स वाचत नाहीत आणि वाचावा असा कुणाचा आग्रहही नाही. पण तिथून बाहेर पडलेला माणूस रात्री हजारभर लोकांसमोर एका अभंगावर दोन तास उभा राहू शकतो, हे तुम्ही आणि मी दोघांनी पाहिलंय. मोजके ग्रंथ, ते मुळातून, रोज, आणि चारचौघांसमोर तोंडानं मांडायचे, या कृतीत काहीतरी ताकद आहे. तिला हसण्याआधी आपल्या पदवीधराला कुठल्याही एका पुस्तकावर दहा मिनिटं उभं करून पाहा.

आता सरांचा सर्वांत जोरदार मुद्दा, जो त्यांनी दुसऱ्या पानाच्या तळाला एका वाक्यात उरकलाय. तो आधी मांडला असता तर मला लिहिणं जड गेलं असतं. या यादीत आपण कुठे आहोत? महाभारत नाही, पाणिनी नाही, आर्यभट नाही. शून्य आणि दशमान पद्धत वापरून ही मुलं गणितं करणार, पण ती कुठून आली ते त्यांच्या पोथीत नाही. हे खरं आहे आणि ही उणीव आहे. ‘आमची परंपरा कॅथलिक आणि पाश्चात्त्य, ती आम्ही नीट शिकवतो’ हे त्यांचं उत्तर प्रामाणिक आहे, पुरेसं नाही. आजोबांच्या नातीला कादोडीतली गाणी येतात. तिच्या गावाजवळच्या नाळासोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले आहेत. हे जग त्या टेबलावर कधीच येणार नाही.

पण सर, ते आपल्या टेबलावर आहे का? चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथल्या भवानीच्या देवळात शके ११२८चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजानं त्याला दान दिलं, असं त्यात लिहिलंय. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. देवळाच्या आसऱ्यानं चाललेला एक लहानसा मठ, एका माणसाचे मोजके ग्रंथ, आणि विषय गणित. तिथे किती विद्यार्थी होते कोण जाणे, ३,००० नक्कीच नसतील. मी एकतीस वर्षं महाराष्ट्रात गणित शिकवलं. ‘लीलावती’तलं एकही गणित वर्गात घेतलं नाही. आर्यभटानं पृथ्वी फिरते म्हटलं हे स्नेहसंमेलनाच्या भाषणात अभिमानानं सांगितलं, पण ब्रह्मगुप्तानं त्याला कडाडून विरोध का केला आणि त्याचे आक्षेप टॉलेमीच्या आक्षेपांचे सख्खे भाऊ कसे आहेत, हे मला या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. सांता पॉलाच्या मुलांनी आर्यभट वाचला नाही ही तक्रार करण्याचा हक्क, माझ्या हिशेबी, त्याला ज्यानं आर्यभट वाचला.

मला पत्र का झोंबलं ते आता सांगतो. आजोबांनी आणलेल्या कागदावर पहिल्या वर्षाच्या ओळीत ‘युक्लिड, एलिमेंट्स’ एवढंच होतं. ते वाचताना मला दुसऱ्या बाकावरची ती मुलगी आठवली. ती आता पन्नाशीची असेल. तिला हव्या होत्या त्या चौरसांसाठी कुठेतरी एक टेबल मांडलेलं आहे आणि तिथे कुणी ‘परीक्षेत विचारत नाहीत’ म्हणत नाही, हे मला कळलं आणि त्याच वेळी कट्टा हसत होता. मीही हसलो होतो.

सर, येत्या गुरुवारी मी कंपास आणि पट्टी घेऊन येतो. आजोबांनाही बोलावलंय. पहिल्या पुस्तकातलं पहिलंच प्रमेय: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणे. दोन टोकांना केंद्र मानून दोन वर्तुळं काढायची, ती जिथे छेदतात तो तिसरा बिंदू. आपण दोघांनी मिळून तो हजार वेळा काढला असेल. मी फरशीवर खडूनं काढेन. तुम्ही फक्त एक विचारा, कारण युक्लिडनं ते कुठेही सिद्ध केलेलं नाही आणि मी तीन रात्री त्यावर घालवल्यात: ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, हे कशावरून?